छबूबाई कोणत्या अंगाला बसते?

दूध संस्थेच्या नव्या हॉलात चित्र लागून अर्धा तास झाला तरी कोणी काही बोलेना, तेव्हा वैजनाथ एकेकाचा चेहरा न्याहाळू लागला. सकाळचं दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून भिंतीसमोर उभी होती. कोणी जवळ जाऊन बघे, कोणी चार पावलं मागे सरे. मच्छिंद्रनं तर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

वैजनाथ आधुनिक चित्रकार होता. मुंबईत शिकून देवळालीला परत आला होता आणि उसाच्या कडेला पत्र्याची शेड ठोकून छापाचित्रं करायचा. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, वर शाई फिरवायची, कागद अंथरून पळीच्या पाठीनं घासायचा आणि अलगद उचलायचा. त्याच्या छाप्यांची पुण्यामुंबईला प्रदर्शनं झाली होती. गावात मात्र 'रबरी शिक्के करणारा' अशीच त्याची ओळख. दोन-तीन माणसं शिक्का बनवून मागायला येऊनही गेली होती. आपल्या माणसांनी आपल्या एका तरी चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. आज ती अर्धा तास उभी होती, आणि त्याला घाम फुटला होता.

चित्र छबूबाईचं होतं. म्हैस पिळत बसलेली छबूबाई, चार फूट उंच, काळ्या शाईत. पन्नाशीची ही बाई कोणाच्या बापाचं ऐकत नसे. डॉक्टर म्हणाले चहा सोडा, तर तिनं डॉक्टर सोडला. मुलगा नाशिकला फ्लॅटवर न्यायला आला, तेव्हा "म्हैस लिफ्टात मावती का ते आदी मोजून ये," म्हणून त्याला परत लावला. पण जनावरातलं तिला जे कळे ते कोणाला कळत नसे. कुठं म्हैस लाथ मारू लागली, पान्हा चोरू लागली, की वस्त्यावस्त्यांवरून तिला बोलावणं यायचं. ती जायची, जनावराच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि कासेखाली बसायची. तीस वर्षांत तिला कधी मोकळ्या हातानं परतावं लागलं नव्हतं.

वैजनाथच्या घरी रतीब तिचाच. ती दारात आली की त्याची बायको धनश्री आतून ओरडायची, "तुमची प्रेरणा आलीय, पातेलं घेऊन जा." चित्रासाठी बसायला छबूबाई तयार झाली ती स्वतःच्या अटींवर. "काम थांबवनार न्हाई, हसनार न्हाई, आन सगुनाला सोडून माझ्या एकटीचं काडायचं न्हाई." सगुणा म्हणजे तिची म्हैस. मग वैजनाथ महिनाभर रोज तिच्या गोठ्यात जाऊन बसला. नंतर अडीच महिने कोरत होता. त्याच्या आजवरच्या कामात हे सगळ्यात उजवं झालं होतं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. संस्थेचे चेअरमन श्रीमंतराव शेडवर आले, चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे आपल्या हॉलात लावायचं. हॉलाच्या उद्घाटनाला पाव्हनं येनारेत, त्यांच्या हातनं पडदा ओढू."

आता मच्छिंद्रनं घसा खाकरला.

"झ्याक हाय," तो म्हणाला.

वैजनाथला धीर आला. "मच्छिंद्रकाका, समजायला थोडं अवघड आहे. म्हशीला चार शिंगं दाखवलीत, त्याचं कारण—"

"माशा वारतीय की ती. मान हितनं तिकडं गेली म्हंजे शिंगं दोन्हीकडं दिसनारच. त्यात काय अवघड हाय?"

"आणि मावशींच्या चेहऱ्याला नाक नाही, कारण—"

"खाली मान घातल्यावं कुनाचं नाक दिसतं?"

वैजनाथ थक्क झाला. मुंबईत हे समजावून सांगायला त्याला चार पानी माहितीपत्रक छापावं लागलं होतं. त्याला मच्छिंद्रच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तेवढ्यात मच्छिंद्र म्हणाला, "पन बाई उजव्या अंगाला बसलीय."

"व्हय," मागून चारपाच जण एकदम म्हणाले. सगळ्यांना हेच म्हणायचं होतं, पण पहिलं कोणी बोलायचं म्हणून अर्धा तास गेला होता.

देवळालीत म्हैस पिळायला बसतात ते तिच्या डाव्या अंगाला. पहिल्या वेतापासून जनावराला तीच सवय असते. उलट्या बाजूनं कोणी बसलं तर ते आधी मान वळवून बघतं आणि मग पाय उचलतं. वैजनाथला हे महिनाभर डोळ्यांसमोर दिसत होतं. पण छाप्यात सगळं उलटं उमटतं. फळीवर डावीकडं कोरलं की कागदावर उजवीकडं येतं. त्यानं तळहाताला शाई लावून भिंतीजवळच्या खोक्यावर छाप उठवून दाखवला. माणसांनी तो नीट बघितला.

"मग कॅनवरचं संस्थेचं नाव कसं सुलट आलं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"ते मी मुद्दाम उलटं कोरलं होतं."

"म्हंजे नाव ध्येनात राह्यलं आन म्हैस इसरली."

"विसरली नाही काका. पण चित्रात डावं काय आणि उजवं काय, त्यानं असा काय मोठा फरक पडतो?"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. हॉलात सत्तर-ऐंशी माणसं होती आणि प्रत्येकानं आयुष्यात निदान एकदा तरी लाथ खाल्ली होती. त्यांनी वैजनाथकडे कीव केल्यासारखं बघितलं. "त्याच्या घरी म्हैस न्हाई," मच्छिंद्रनं इतरांना समजावलं आणि सगळे कॅन उचलून निघाले.

श्रीमंतराव धावत आले. त्यांनी तोडगाही आणला होता. चित्राचा मोबाईलवर फोटो काढायचा, फ्लेक्सवाल्याकडं नेऊन उलटा करायचा आणि छापून टांगायचा. तासाभरात नमुना आला. छबूबाई डाव्या अंगाला बसली होती खरी, पण कॅनवरचं संस्थेचं नाव आता आरशात बघितल्यासारखं उलटं झालं होतं.

"नाव खोडून टाक," श्रीमंतराव म्हणाले, आणि लगेच, "नगं, नगं. मग संस्थेचं काय राह्यलं त्यात?" ते डोकं धरून बसले. तेवढ्यात पाहुण्यांच्या माणसाचा फोन आला. पाहुण्यांना परवा जमत नव्हतं, कार्यक्रम पंधरा दिवस पुढं ढकलावा, अशी विनंती होती. श्रीमंतरावांनी आढेवेढे घेत मान्य केलं, फोन ठेवला आणि देवाला हात जोडले. चित्रावर चादर टाकण्यात आली.

पण चादर टाकून गावाचं तोंड थोडंच झाकतं. दुपारपर्यंत गोष्ट वस्त्यांवर पोचली आणि पोचता पोचता तिनं कूस बदलली. चित्रकार महिनाभर गोठ्यात बसून बघत होता. मनचं कशाला काढील? त्यानं बघितलं तेच काढलं. म्हणजे छबूबाईच हल्ली उजव्या अंगाला बसते. वय झालं बिचारीचं. डावं-उजवं राहिलं नाही. कोणाला आठवलं की गेल्या आठवड्यात तिच्या दुधाला फॅट कमी लागलं होतं. कोणाला आठवलं की परवा तिनं रस्त्यात ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी छबूबाई शेडवर आली ती पातेलं न मागता आत आली आणि पत्र्याच्या खुर्चीत बसली.

"आदिनाथची पहिलारू म्हैस पाय झाडतीय. त्यानं मला आज बोलावलं हुतं," ती म्हणाली. "वस्तीवं गेले तर म्हनतो, मावशी, तुमी कशाला तरास घेता, दुसरं कुनी बगतो. च्या पाजला आन परत लावलं."

वैजनाथनं हातातली कोरणी खाली ठेवली. "मावशी, चूक माझी आहे. मी गावभर सांगतो."

"तू सांगशील आन गाव ऐकंल. मला बगू दे ते काय हाय."

त्याच चित्राचा दुसरा छापा शेडच्या भिंतीवर लावलेला होता. छबूबाई उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चित्र पुरं झाल्यापासून ती पहिल्यांदाच बघत होती. वैजनाथ बाजूला झाला. तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं, मग सोडलं.

"ही मीच हाय," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "इतकी वर्सं त्या गोट्यात बसतीय, मी कशी दिसते ते कुनी बगितलं न्हवतं. मीबी न्हाई."

"पण बाजू—"

"बाजूचं मी बगते. तू चित्राला हात लावायचा न्हाई."

"तुम्ही काय करणार?"

"ते तुला कशाला? तुझं काम झालंय." आणि ती निघून गेली.

आता सरळ माणसानं अशा वेळी गप्प बसावं. पण वैजनाथला रात्रंदिवस आदिनाथचा चहा आठवू लागला. ज्या बाईनं आपल्याला महिनाभर गोठ्यात बसू दिलं, तिची तीस वर्षांची अब्रू आपल्या एका फळीनं घालवली. त्यानं ठरवलं, पंधरा दिवसांत दुसरं चित्र कोरायचं, बाजू सुधारून.

"त्यांनी हात लावू नको म्हटलंय ना?" धनश्री म्हणाली.

"मोठ्या मनाची बाई आहे. मला त्रास नको म्हणून म्हणाली. आपण समजून घ्यायचं असतं."

"त्या जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं," धनश्री म्हणाली. पण तो ऐकण्याच्या पलीकडं गेला होता.

त्यानं नगरहून लिनोलियम आणलं. ते लाकडापेक्षा मऊ, लवकर कापलं जातं. जुन्या छाप्यावरून रेघन्‌रेघ होती तशीच उतरवली, म्हणजे छापल्यावर बाजू उलटेल, कॅनवरचं नाव तेवढं उलटं केलं आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कोरत बसला. श्रीमंतरावांना तेवढं कानात सांगितलं. ते इतके खूश झाले की म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. छबूबाईला तर मुळीच न्हाई. त्या दिवशी डोळं भरून येतील तिचं."

इकडं रतीब अर्ध्यावर आला. कधी दूध येई, कधी येत नसे. छबूबाई लंगडत यायची. एकदा तिच्या कपाळाला टेंगूळ होतं, एकदा कोपराला हळद लावलेली.

"काय झालं मावशी?"

"सगुना ऐकंना झालीय."

वैजनाथच्या काळजाला घरं पडली. बाई अपमानानं खंगत चालली होती आणि तिच्याबरोबर मुकं जनावरही. तो आत जाऊन आणखी जोरानं कोरू लागला.

पंधराव्या दिवशी हॉलासमोर मांडव पडला. पाहुणे आले, पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट. मांडवात हॉलाच्या दर्शनी भिंतीवर नवा छापा लावला होता आणि त्यावर नवा मखमली पडदा. नारळ फुटला, हार झाले. श्रीमंतराव भाषणाला उभे राहणार, तोच मांडवाच्या तोंडाशी गलका झाला. गर्दी दुभंगली आणि मधून छबूबाई आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, एका हातात बादली, दुसऱ्या हातात सगुणेचं दावं. सगुणा धुऊन-पुसून काळीभोर केलेली, शिंगांना तेल लावलेली.

"पाव्हनं, जरा इनंती हाय," छबूबाई म्हणाली. "पडदा वडायच्या आदी मला दोन मिन्टं द्या. गाव म्हनतंय, ह्या बाईला डावं-उजवं कळंना झालंय. चित्रात मी जशी बसलीय तशीच आज बसते. आदी बगा, मंग पडदा वडा."

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी हसून मान डोलावली. वैजनाथला तर आनंदानं भरून आलं. ती डावीकडं बसणार, पडदा ओढला की चित्रातही डावीकडंच. गावाचं तोंड आपोआप बंद. योग म्हणतात तो हाच.

छबूबाई सगुणेला वळसा घालून गेली आणि उजव्या अंगाला बसली.

"मावशी," वैजनाथ जागेवरून उठला, "तिकडं नाही—"

"गप बस."

पुढच्या ओळीतली माणसं खुर्च्या मागे सरकवू लागली. छबूबाईनं बादली गुडघ्यात धरली, कासेवर पाणी मारलं, सगुणेच्या पोटाला कपाळ टेकलं. सगुणेनं मान वळवून तिच्याकडं बघितलं, एक उसासा टाकला आणि रवंथ करू लागली. पहिली धार बादलीत वाजली, मग दुसरी. थोड्याच वेळात फेस वर आला.

"आरारारा," मच्छिंद्र उभा राहिला. "आठ वर्सांची म्हैस. वळवली की बाईनं पंधरा दिसात."

ज्यांना यातलं कळत होतं त्यांना तर टाळ्या वाजवायचं सुचलंही नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांनी जागेवरूनच हात जोडले. आदिनाथ खाली मान घालून पुढं आला आणि म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. उद्या वस्तीवं येता का?" वैजनाथला आता टेंगूळ कळलं, कोपराची हळद कळली, निम्मा रतीब कळला. आणि मग त्याला पडद्यामागं काय आहे ते आठवलं.

"आता वडा," छबूबाई म्हणाली.

"चेअरमन, थांबा," वैजनाथ खुर्च्यांतून वाट काढत ओरडला. पण श्रीमंतरावांना आता छबूबाईचे डोळे भरून येणार, एवढंच दिसत होतं. त्यांनी पाहुण्यांच्या हातात दोरी दिली आणि पडदा सरकला.

भिंतीवर छबूबाई डाव्या अंगाला बसली होती.

माणसांनी चित्राकडं बघितलं, मग म्हशीकडं, मग पुन्हा चित्राकडं. "बरूबर हाय आता," एक जण चुकून म्हणाला आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. छबूबाई बादली घेऊन उभी होती. तिनं वैजनाथकडं बघितलं.

फोटोवाल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बाई, चित्रात आहे तशा बसा ना. मागं चित्र, पुढं तुम्ही. मस्त फोटो येईल."

"सगुना आता तिकडनं बसू देनार न्हाई," छबूबाई म्हणाली.

"आसं कसं?" श्रीमंतराव घाईला आले होते. "पंधरा दिसांपूर्वी तर तिकडनंच देत हुती की. आना ती बादली." संस्थेचा चेअरमन झाल्यापासून श्रीमंतराव म्हशीखाली बसले नव्हते. त्यांनी छबूबाईच्या हातातून भरली बादली घेतली, पाहुण्यांना शेजारी उभं केलं, फोटोवाल्याकडं बघून हसले आणि सगुणेच्या डाव्या अंगाला उकिडवे बसले.

सगुणेनं मान वळवून बघितलं. मग पाय उचलला. बादली पाहुण्यांच्या पँटवर गेली आणि श्रीमंतराव मांडवाच्या खांबाशी. फोटो मात्र चांगला आला, असं फोटोवाला पुढं कितीतरी दिवस सांगत होता.

पांगापांग झाली तेव्हा छबूबाई चित्रासमोर उभी होती. वैजनाथ शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुला काय सांगितलं हुतं?" तिनं विचारलं. ती रागावलेली नव्हती, तेच त्याला जास्त लागलं.

"हात लावायचा नाही."

"मंग?"

"मला वाटलं, मावशी—"

"समद्यांस्नी माझ्यासाठी कायतरी वाटतंच. डाक्टरला वाटतं, पोराला वाटतं, चेरमनला वाटतं. तू एकटाच असा भेटला हुतास की निस्ता बगत बसायचास. म्हनून तुला बसू दिलं." तिनं चित्राकडं बोट केलं. "ही बाई मी न्हवं. मी उजव्या अंगाला बसते. जुनं कुठं हाय?"

जुनं चित्र गुंडाळून अडगळीच्या खोलीत टाकलेलं होतं. तिनं ते शोधलं, काखेत मारलं, सगुणेचं दावं धरलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून रतीब बंद झाला. दूध पाहिजे असेल तर घेऊन जावं, असा निरोप आला. चार दिवस वैजनाथची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी तो पातेलं घेऊन निघाला. वाटेत संस्थेचा हॉल लागला. नवं चित्र भिंतीवर होतं. त्यात खोट काढायला कुठं जागा नव्हती, त्यामुळं त्याच्याकडं कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. लसीकरणाची नोटीस लावायला जागा हवी होती म्हणून कोणीतरी ती चित्राच्या काचेवरच चिकटवली होती.

छबूबाईच्या गोठ्यात मात्र सातआठ माणसं होती. जुना छापा मधल्या मेढीच्या खांबाला टांगलेला, वर प्लास्टिकचा कागद मारलेला. लोणीहून कोणी पाहुणे मुद्दाम बघायला आले होते आणि मच्छिंद्र त्यांना बोट ठेवून दाखवत होता, की आधी चित्र झालं, आणि मग बाईनं त्याच्याबरहुकूम म्हैस वळवली. एक म्हातारा म्हणत होता, खरं तर ती बसलेली नाहीच, उठायच्या बेतात आहे, गुडघा बघा. दुसऱ्याला ते पटत नव्हतं. दोघं छाप्याला नाक लावून भांडत होते. वैजनाथ दाराशी उभा राहून ऐकत होता.

"बगून झालं आसंल तर उठा," छबूबाई बादली घेऊन आत आली. "दूध काडायची येळ झालीय. म्हैस बुजती."

माणसं कुरकुरत बाहेर पडली. वैजनाथही पातेलं उंबऱ्यावर ठेवून वळला.

"तू कुठं निगालास?" ती सगुणेच्या उजव्या अंगाला बसत म्हणाली. "बस की. निस्तं बग."

तो बसला.